झाडछाटणीचा चिपर सारखा बंद का पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल सरत आला की माझा फोन थांबत नाही. पावसाळ्याआधीच्या छाटणीची कामं सगळ्यांनी एकदमच घेतलेली असतात, रस्त्यावर फांद्यांचा ढीग पडलेला असतो, सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीतून बघत असतात, आणि नेमका तेव्हाच चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन, रुसतो. मी स्वतः छाटणीची कामं घेतो. माझ्याकडे दोन चिपर आहेत: एक ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, एक स्वतःच्या डिझेल इंजिनाचा. मोकळा असलो की इतरांची मशीनंही बघून देतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे.

घेतल्यापासून काही ना काही चालूच आहे. मशीनच खराब निघालं का?

क्वचित तसं असतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मशीनांचं दुखणं मात्र एकाच ठिकाणी सुरू झालेलं असतं: बोथट ब्लेड. तक्रार वेगळ्याच नावाने येते. कुणी म्हणतो बेल्ट टिकत नाही, कुणी म्हणतो इंजिन तापतं, कुणी म्हणतो रोलर फांदी ओढत नाही.

साखळी अशी असते. धार गेली की ब्लेड लाकूड कापत नाही, ठेचतं. ठेचायला जास्त जोर लागतो, म्हणून बेल्ट घसरतो. घसरलेला बेल्ट तापतो आणि त्याची शेजारची पुली तापवतो. दणके बसून बेअरिंगची वाट लागते. इंजिन दबतं, फेरे पडतात, हवा कमी सुटते, च्यूट (माल बाहेर फेकणारं नळकांडं) तुंबते. मग मालक आधी बेल्ट बदलतो, नंतर बेअरिंग बदलतो, मेकॅनिकला शिव्या देतो, आणि ब्लेड मात्र तेच.

ब्लेड बोथट झालं हे ओळखायचं कसं? उघडून बघायला वेळ नसतो.

उघडायची गरजच नाही, बाहेर पडणारा माल बघा. धारदार ब्लेडची ढलपी दोन्ही कडांना स्वच्छ कापलेली असते, आकार साधारण एकसारखा, आणि ओल्या लाकडाची असेल तर हाताला गार लागते. बोथट ब्लेडच्या मालात तीन गोष्टी दिसतात: सालीच्या लांब चिंध्या, कडेला पिंजलेले तुकडे आणि खूप भुगा. मूठभर माल उचलून चोळला आणि तळहातावर पिठासारखा थर राहिला, तर त्या दिवशी ब्लेड काढायचं.

आवाजही सांगतो. चांगल्या ब्लेडचा आवाज सलग असतो, रवा दळल्यासारखा. बोथट झालं की दणदण ऐकू येते आणि फांदी धरलेल्या माणसाच्या मनगटाला झटके बसतात. आमचा फांद्या लावणारा गडी माझ्याआधी सांगतो, "दादा, आज हात झिणझिणतोय." त्याचं ऐकत जा.

मग किती तासांनी धार लावायची?

तासांत उत्तर देता येत नाही. ओला गुलमोहर दिवसभर घातला तरी धार फारशी उतरत नाही. वाळलेली बाभूळ दुपारपर्यंत ब्लेड झोपवते. पण लाकडापेक्षाही वाईट आहे ती माती. फांद्या ओढत ओढत चिपरपर्यंत आणल्या की सालीत रेती आणि मुरूम अडकतो, आणि रेती म्हणजे पॉलिश पेपरच. शेवटी झाडूने गोळा केलेला पाचोळा तर चिपरमध्ये अजिबात ओतू नका, तो थेट खताच्या खड्ड्यात जाऊ दे. मुळं आणि बुंध्याचा मातीचा भागही नको. एवढं पाळलं तर ब्लेडचं आयुष्य सहज वाढतं.

गल्लीतल्या ग्राइंडरवाल्याकडून धार लावली तर चालते का?

हँड ग्राइंडरने डोळ्यांच्या अंदाजाने? नको. दोन कारणं. कोरडं घासताना कड निळी पडली की स्टीलचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग ती धार तासाभरात जाते. दुसरं म्हणजे कोन बदलतो. सरफेस ग्राइंडर असलेल्या वर्कशॉपमध्ये, पाण्याची किंवा कूलंटची धार सोडून, मूळ कोनातच घासून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. एका रोटरवरची (ब्लेडं बसवलेल्या फिरत्या ड्रमवरची) सगळी ब्लेडं एकत्र घासायची आणि सारखीच घासायची. एकाला खिळा लागला म्हणून फक्त तेच खोल घासलं, तर ते हलकं होतं आणि रोटरचा तोल जातो. मी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करतो. समोरासमोरच्या ब्लेडांत काही ग्रॅमचाही फरक नको. अर्धा मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर ब्लेडचं टोक ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने फिरत असतं. त्या वेगाला छोटा फरकही बेअरिंगला हातोड्यासारखा लागतो.

धार नवी लावली तरी चिंध्याच निघतात. आता काय?

खालचं स्थिर ब्लेड बघा, ज्याला कुणी फिक्स ब्लेड म्हणतं, कुणी काउंटर ब्लेड. कात्रीची दोन पाती असतात तसं हे आहे. एक पातं कितीही धारदार असलं तरी दुसरं गोल झालं असेल किंवा दोघांत फट पडली असेल, तर कापड कापलं न जाता दुमडतं. इथेही तेच होतं.

फट किती हवी हे मशीनच्या पुस्तकात असतं. लहान-मध्यम मशीनांत ती साधारण १ ते ३ मिमीच्या दरम्यान असते. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची, तीही प्रत्येक फिरत्या ब्लेडसमोर आणि दोन्ही टोकांना. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला जास्त, असं सर्रास आढळतं. ब्लेड घासून घासून अरुंद होतं तशी फट आपोआप वाढते, म्हणून प्रत्येक धारेनंतर ती पुन्हा लावावीच लागते. बहुतेक फिक्स ब्लेडांना दोन किंवा चार कडा असतात. एक गेली की उलटून लावा. सगळ्या कडा संपल्यावर मात्र बदला, त्यावर वेल्डिंगचा थर चढवून घासण्याचे उद्योग मी पाहिलेत, टिकत नाहीत.

फट लावून झाली की रोटर हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. कुठेही घासल्याचा आवाज नको.

ब्लेडचे बोल्ट सैल होतात. लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावू का?

आधी माझी चूक ऐका. चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मेचा महिना, रस्त्याकडेच्या बाभळी छाटत होतो. दुपारी ब्लेड बदललं. नवं ब्लेड, बोल्ट जुनेच, एअर गनने आवळले आणि काम सुरू केलं. तासाभराने एकदाच "टण्ण" असा आवाज आला, आणि पाठोपाठ पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडाट. बंद करून, रोटर थांबल्यावर उघडून बघितलं तर एका ब्लेडचा एक बोल्ट गायब, ब्लेड तिरकं झालेलं आणि त्याने फिक्स ब्लेडचा बोटभर तुकडा उडवलेला. नशीब, तो तुकडा च्यूटमधून ट्रॉलीत गेला.

कारण शोधलं तर ब्लेडच्या बैठकीवर बाभळीचा डिंक आणि भुगा यांचा वाळलेला थर होता, नखाएवढा जाड. ब्लेड त्या थरावर बसलं, बोल्ट कडक लागल्यासारखा वाटला, काम करता करता थर चेपला आणि बोल्ट मोकळा झाला.

तेव्हापासून बैठक आधी पत्रीने खरवडतो, डिझेलच्या फडक्याने पुसतो, धातू चमकला पाहिजे. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच. त्यांच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असं कोरलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातला साधा ८.८ तिथे लावायचा नाही. आवळताना टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा), आणि पहिल्या तासाच्या कामानंतर पुन्हा एकदा तपासणी. लॉकटाइट पुस्तकात सांगितलं असेल तरच.

ब्लेड बदलताना काय जपायचं?

इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. ट्रॅक्टरचा चिपर असेल तर पीटीओ शाफ्टच काढून ठेवा. इंजिन बंद केलं तरी जड रोटर मिनिटभर किंवा त्याहून जास्त फिरत राहतो, आणि आवाज थांबला म्हणजे तो थांबला असं नाही. हूड (रोटरवरचं झाकण) उघडल्यावर आधी रोटर अडकवायची पिन घाला. एक ब्लेड काढलं की रोटर एका बाजूला जड होतो आणि आपोआप फिरतो. बोटं जातात ती अशी.

शहरातल्या झाडांत खिळे निघतात. काही उपाय?

जाहिरातींचे खिळे, गणपतीतल्या लायटिंगच्या तारा, केबलवाल्यांचे हूक, कधीतरी बांधलेली आणि आता खोडाने गिळलेली साखळी. पुण्यात झाडं खिळेमुक्त करण्याच्या मोहिमा झाल्या, तरी कामाला गेलं की रोज एखादा खिळा भेटतोच. माणसाच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीपर्यंतचा, म्हणजे जमिनीपासून आठ-नऊ फुटांचा बुंधा मी चिपरमध्ये घालतच नाही, तो तसाच ओंडका म्हणून विकतो. वरच्या फांद्यांत लोखंड कमी असतं. सालीवर काळा डाग किंवा विचित्र फुगवटा दिसला की तेवढा तुकडा बाजूला.

वडाचं प्रकरण वेगळं. वटपौर्णिमेला गुंडाळलेल्या सुताचे थरावर थर असतात. ब्लेडचं त्याने काही बिघडत नाही, पण सूत रोलरच्या आणि रोटरच्या शाफ्टभोवती गुंडाळत जातं, बेअरिंगच्या सीलखाली शिरतं आणि सील उचकटतं. नंतर ग्रीस बाहेर, धूळ आत. वडाची फांदी असेल तर आधी सूत कोयत्याने कापून काढा. पतंगाच्या मांज्यालाही हाच नियम.

नारळाच्या झावळ्या घालता येतात का?

येतात, पण मशीनला आवडत नाहीत. कोकण-गोव्याकडून हा प्रश्न नेहमी येतो. झावळीचा धागा चिवट असतो, कापला गेला नाही तर दोरी होऊन गुंडाळतो. ब्लेड नवीन धारेचं असताना झावळ्या घाला, देठाकडची बाजू आधी, आणि मध्ये मध्ये एखादी लाकडी फांदी घालत राहा म्हणजे आतला धागा पुढे ढकलला जातो. निलगिरीच्या सालीचंही असंच. दिवस संपला की रोलरच्या दोन्ही टोकांचा गुंता काढल्याशिवाय घरी जाऊ नका.

च्यूट सारखी तुंबते.

माल बाहेर फेकायला हवा आणि वेग लागतो. फेरे कमी पडले की पहिला फटका इथे बसतो. म्हणून आधी रोटर पूर्ण वेगावर येऊ द्या, मगच फांदी लावा. नुसता ओला पाला सलग घालू नका. फांदी संपल्यावर लगेच बंद न करता अर्धा मिनिट रिकामं चालवा. एवढं करूनही तुंबत असेल तर रोटरवरचे पंखे झिजलेत का, बेल्ट घसरतोय का, च्यूटच्या आत पत्रा वाकून ओठ तयार झालाय का, ते बघा.

तुंबलेली च्यूट चालू मशीनमध्ये काठी घालून मोकळी करणारे महाभाग आहेत. करू नका.

रोलर फांदी ओढतो, थांबतो, मागे ढकलतो. बिघाड आहे?

बहुधा नाही. इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेखाली गेले की रोलर थांबवून फांदी जरा मागे घ्यायची आणि फेरे सावरले की पुन्हा ओढायची, अशी सोय बऱ्याच मशीनांत मुद्दाम दिलेली असते. दर दोन सेकंदांनी तसं होत असेल तर इंजिन दबतंय. कारण? पुन्हा ब्लेडपासून सुरुवात करा, मग बेल्ट, मग एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर. फेरे मोजणारा सेन्सर भुग्याने माखला असेल तरी मशीन उगाच थांबतं. तो पुसायला दोन मिनिटं लागतात आणि त्यासाठी लोक हजारो रुपयांचा कंट्रोलर बदलतात.

रिकामा रोलर फिरतो, लाकूड लागलं की थांबतो. हे?

हे हायड्रॉलिकचं. टाकीतल्या तेलाची पातळी, सक्शनची जाळी, फिल्टर, या क्रमाने बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, फेस असेल तर सक्शनकडून हवा ओढली जातेय. हे सगळं ठीक असेल तर रिलीफ व्हॉल्व्हचा (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) दाब उतरलेला असू शकतो किंवा पंप झिजलेला. तिथे गेज लावल्याशिवाय स्क्रू फिरवू नका, अंदाजाने वाढवलेला दाब पाइप फोडतो. रोलरचे दात बोथट होऊन नुसते घसरत असतील, तर मात्र दोष तेलाचा नाही.

बारीक गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, जखम टिचभर दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल.

बेल्ट महिनाभरही टिकत नाही.

बेल्ट जोडीने किंवा संचानेच बदलायचे. तीन जुने आणि एक नवा असं केलं की सगळा भार नव्यावर येतो आणि तो आधी मरतो. पुलीची खाच बघा: बेल्ट तळाला टेकत असेल आणि तळ चकाकत असेल, तर पुली झिजली आहे, बेल्ट बदलून पैसे वाया. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरा ताणून तपासा. घसरणाऱ्या बेल्टला राळ लावायची जुनी सवय सोडा, तिच्यात भुगा चिकटून खाचा भरतात. आणि क्लच एका झटक्यात सोडू नका. जड रोटर सावकाश जागा होतो.

बेअरिंग जातंय हे आधी कळतं का?

कळतं, ऐकलं तर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडावर. एकसारखी गुणगुण म्हणजे ठीक, खरखर किंवा कटकट म्हणजे दिवस भरलेत. मात्र हे मशीन रिकामं चालू असताना, बेल्टचं कव्हर जागेवर ठेवून आणि सैल कपडे न घालता. दुसरी खूण तापमानाची. दोन्ही बाजूंची हाउसिंगं सारखी गरम हवीत. एक बरीच जास्त तापत असेल तर तिच्यात काहीतरी शिजतंय.

ग्रीस कमी पडल्याने जेवढी बेअरिंगं जातात, जवळपास तेवढीच जास्त भरल्याने जातात. सील फुटेपर्यंत पंप मारणं ही सेवा नव्हे. पुस्तकात जितके स्ट्रोक लिहिलेत तितकेच मारा, आणि एकच ग्रीस वापरा; दोन जातींचं ग्रीस मिसळलं की कधी कधी पातळ होऊन वाहून जातं. प्रेशर वॉशरची धार बेअरिंगवर धरणाऱ्याला मी माझ्या मशीनला हात लावू देत नाही.

इंजिन तापतं. रेडिएटर नवीन आहे.

नवीन असेल, पण आतून श्वास घेतोय का? चिपरचा रेडिएटर कायम भुग्याच्या ढगात उभा असतो. जाळीवर पाचोळ्याची चादर चढते. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत, इंजिन गार झाल्यावर, पंख्याकडून बाहेरच्या दिशेने हवा मारा. उलट मारली तर घाण पात्यांत घट्ट बसते. एअर फिल्टर झटकून घ्या. गरम सायलेन्सरजवळ साठलेला वाळका भुगा पेटतो, तोही काढत जा.

ट्रॅक्टरच्या चिपरचा शिअर बोल्ट रोज तुटतो. जाड लावला तर?

तो तुटण्यासाठीच आहे. फ्यूजच्या जागी तार लावण्यासारखं होईल ते. कडक बोल्ट लावलात तर पुढच्या दणक्याला गिअर बॉक्स किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ जाईल, आणि तो खर्च बोल्टच्या पैशांत नसतो. रोज का तुटतो ते शोधा: पीटीओ भरवेगात असताना झटक्यात जोडला जातो का, जाडीच्या मर्यादेबाहेरचं लाकूड घातलं जातं का, जॉइंटचा कोन फार आहे का. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४० धरून चिपरच्या पुल्या ठरवलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे किती फेरे ठेवल्यावर ५४० मिळतात हे त्याच्या मीटरवर किंवा पुस्तकात असतं. डिझेल वाचवायला रेस कमी ठेवली की रोटर मंद चालतो आणि प्रत्येक फांदी दणका देते. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर आजच बदला. धोतर, ओढणी, गमछा काहीही ओढायला त्याला क्षण पुरतो.

सोसायटीतला थ्री-फेजवरचा छोटा चिपर गुणगुणतो, फिरत नाही.

लगेच बंद करा. एक फेज गेलेली असण्याची शक्यता जास्त, तसंच ठेवलं तर मोटर जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) नसेल तर बसवून घ्या. लांबच लांब बारीक वायर ओढून चालवत असाल तर व्होल्टेज पडतं, तेही बघा.

सेल्फच मारत नाही, बॅटरी तर भरलेली आहे.

हूडचा सेफ्टी स्विच, इमर्जन्सी बटण, कंट्रोल बार, याच क्रमाने. हूड नीट बंद नसला किंवा स्विचमध्ये भुगा गेला की मशीन चालू होत नाही, आणि ते बरोबरच आहे. तो स्विच वायरने जोडून "कायमचा इलाज" केलेलं मशीन माझ्याकडे आलं, तर आधी तो पूर्ववत करतो, मग बाकीचं काम.

जुना चिपर घेताना काय पाहू?

विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. गार इंजिन कसं उठतं ते बघायचं असतं. मग हूड उघडायला लावा: ब्लेड किती रुंद उरलंय, बोल्टांची भोकं ओव्हल झालीत का, रोटर वर-खाली हलवल्यावर खेळ आहे का. हूडच्या बिजागरीजवळ आणि टोइंगच्या दांड्याजवळ नवा रंग दिसला तर खालचं वेल्डिंग नखाने तपासा. शेवटी, स्वतःसोबत एक मनगटाएवढी ओली फांदी घेऊन जा आणि घालून बघा. ढलपीच सांगेल. आणि त्या ब्लेडचं, बेअरिंगचं दुसरं नग बाजारात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. परदेशी मशीन स्वस्तात मिळालं आणि ब्लेडसाठी दोन महिने उभं राहिलं, असे दोघे माझ्याच ओळखीत आहेत.

कामावर जाताना कोणते सुटे भाग सोबत ठेवता?

धार लावलेल्या ब्लेडचा एक संच, बोल्टांसकट. बेल्टचा एक संच. पाच-सहा शिअर बोल्ट, एक डिझेल फिल्टर, ग्रीस गन, फिलर गेज, टॉर्क पाना, एक जुना टूथब्रश. टूथब्रश सेन्सरसाठी.